सतराव्या पानावरील तीन टिंबे

हार्कर्स पॉइंटच्या वाचनालयात, समुद्राकडील खिडकीखाली एक फळी आहे आणि तिच्यावर ‘डेस ब्रॅमिच काय म्हणतो’ अशी पाटी आहे. डेस ब्रॅमिच तो मीच. मी जे पुस्तक वाचून परत करतो त्याविषयीचे माझे मत एका कार्डावर लिहून देतो, आणि ग्रंथपाल ग्लेनिस ते कार्ड त्या पुस्तकापुढे उभे करून ठेवते. ही कार्डे वाचनालयाच्या जुन्या सूचीच्या कपाटातली आहेत. एका बाजूस टंकलेखन यंत्राने छापलेले कुठल्यातरी पुस्तकाचे नाव असते, दुसरी बाजू कोरी. ती आमच्याच कारखान्यातून निघालेली आहेत हे मी डोळे मिटून नुसते बोट फिरवून सांगू शकतो, कारण कागदाच्या त्या कारखान्यात माझी तीस वर्षे गेली. पुढे तो बंद पडला.

मी टीकाकार नव्हे. चौदाव्या वर्षी मी शाळा सोडली, आणि वाचावयास शिकलो तो एकोणसाठाव्या वर्षी. आता मी अडुसष्ट वर्षांचा आहे. तथापि जे मनात येते ते मी स्पष्ट लिहितो आणि लोक ते वाचतात, असे ग्लेनिस म्हणते.

गेल्या हिवाळ्यात मी तीन पुस्तके वाचली. पहिली होती सफरचंदांच्या बागायतदार घराण्याची कादंबरी, तीन पिढ्यांची, आठशे पानांची. तिच्याविषयी मी लिहिले: ‘आजोबा उत्तम. नात उत्तम. मधला मुलगा अडीचशे पाने नुसता दुःखी असतो. तो नसता तरी सफरचंदे पिकलीच असती.’ दुसरी होती खुनाची कादंबरी. तिच्यात खुनी मनुष्य कागदाच्या कारखान्यात जातो, कागदाचा रूळ एकटा उचलतो व त्यात प्रेत लपवितो. मी लिहिले: ‘असा रूळ दोन टन वजनाचा असतो. लेखकाने कारखाना रस्त्यावरूनही पाहिलेला नाही. कारखान्याविषयी लिहिणारे सगळेच खोटे लिहितात.’ तिसरी चित्रकादंबरी होती. एक विधवा दीपगृहात एकटी राहते व किनाऱ्यावर सापडलेल्या एका जखमी सीलला न्हाणीघरात ठेवून घेते. तिच्यात आरंभापासून अखेरपर्यंत एकही शब्द नव्हता. ती मी अकरा दिवस पाहत होतो. कार्डावर मी एवढेच लिहिले: ‘सावकाश पाहावी.’

चित्रकादंबऱ्यांवर माझे विशेष प्रेम आहे आणि त्याचे कारण टॅमसिन हिंगस्टन ही आहे. तिच्याविषयी मला लिहिले पाहिजे, कारण जे घडले ते तिच्यामुळे घडले.

कारखाना बंद पडल्यावर दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज भरणे आले आणि माझे पितळ उघडे पडण्याची वेळ आली. तेव्हा माझी पत्नी नोलीन मला वाचनालयात घेऊन गेली. प्रौढांना शिकविण्यासाठी तेथे टॅमसिन येत असे. तेव्हा ती तिशीचीही नव्हती. मागल्या खोलीत, दार लावून, आठवड्यातून दोन दिवस, दोन वर्षे तिने मला शिकविले. ती प्रत्येक शब्दाशेजारी एक छोटे चित्र काढी. ‘किटली’ लिहिले की किटली, ‘राग’ लिहिले की माझाच चेहरा. मला अक्षरे दिसण्याआधी चित्रे दिसत आणि चित्राच्या बोटाला धरून अक्षर येई.

एके दिवशी ती म्हणाली, “डेस, आज तुम्ही एक वाक्य लिहायचं. असं वाक्य, की जे तुम्हाला कधीतरी वाचता आलं नाही आणि त्याचं तुम्हाला अजून वाईट वाटतं.”

मी पेन्सिल घेतली. मग वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले: ‘माणूस आत आहे.’

आणि मग मी तिला सारे सांगितले. तिने त्या वाक्याशेजारी काही काढले नाही. कागदाची घडी घालून तो आपल्या वहीत ठेवला आणि म्हणाली, “हे तुमचं आहे. मी कुणाला दाखवणार नाही.” मी विश्वास ठेवला.

आता एका रीतीविषयी सांगितले पाहिजे. आमच्या गावात वाचलेले पुस्तक चुकून दुसऱ्यांदा घरी येऊ नये म्हणून प्रत्येक वाचक सतराव्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने आपली खूण करतो. पुस्तकांत लिहू नये अशी सूचना भिंतीवर आहे. सूचना लावणारी ग्लेनिसच खुणांकडे काणाडोळा करते. सतरावेच पान का, ते कोणास ठाऊक नाही. कोणाची खूण कोणती हे सर्वांना ठाऊक आहे व कोणी बोलून दाखवीत नाही. नोलीनची खूण म्हणजे इवलेसे पान. मिसेस डिप्रोज फुलीभोवती वर्तुळ काढतात. माझी खूण वर्तुळात वर्तुळ, म्हणजे कागदाचा रूळ समोरून दिसतो तसा. आणि लाइल मेडविनची खूण तीन टिंबे.

लाइल हा माझा मित्र. आम्ही एकाच यंत्रावर अकरा वर्षे काम केले. बत्तीस वर्षांपूर्वी ओला कागद पिळणाऱ्या रुळांत त्याच्या डाव्या हाताची मधली तीन बोटे गेली. तीन टिंबे त्यांची. “गेलेल्यांच्या स्मरणार्थ,” असे तो म्हणतो आणि स्वतःच हसतो. दर गुरुवारी दुपारी तो आमच्याकडे चहाला येतो. मला वाचता येत नव्हते त्या काळात तो जेवणाच्या सुट्टीत क्रिकेटचे निकाल मोठ्याने वाचून दाखवी, आणि हा स्वतः का वाचीत नाही असे त्याने एकदाही विचारले नाही.

ऑगस्टमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीतल्या, एका मंगळवारी मी दीपगृहाचे पुस्तक परत करावयास गेलो. टेबलामागच्या ढकलगाडीवर एक पिवळ्या पाठीचे नवे पुस्तक होते. पाठीवर नाव होते: टॅमसिन हिंगस्टन. मला इतका आनंद झाला की मी परवानगी न विचारता हात लांबविला.

“ते नको घेऊस, डेस,” ग्लेनिस घाईने म्हणाली. “त्याला अजून वेष्टन घालायचंय.”

“घातलंय की.”

“म्हणजे... ते राखून ठेवलंय. मिसेस डिप्रोजनी सांगितलंय.”

मिसेस डिप्रोज तेथेच खिडकीजवळ विणकामाचे मासिक चाळीत होत्या. “मी? मी कशाला राखून ठेवू? माझं कधीच वाचून झालं,” त्या म्हणाल्या आणि लगेच मासिकात डोके खुपसले.

“अगं, आपल्या टॅमसिनचं पुस्तक आहे ते!” मी ग्लेनिसला म्हणालो. “तिनं मला शिकवलं. मी नाही वाचायचं तर कुणी वाचायचं?”

ग्लेनिस काहीतरी बोलणार होती. मग तिने पुस्तकावर शिक्का मारला आणि ते माझ्याकडे न पाहता पुढे सरकविले. “घरी बसून वाच,” ती म्हणाली. “आणि डेस... मला वाटलं होतं तिनं तुला विचारलं असेल.”

तिच्या बोलण्याचा अर्थ मला कळला नाही. घरी कोणी नव्हते. नोलीन बोल्स, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळविण्याचा खेळ, खेळावयास गेली होती. मी शेगडीत लाकूड सारले, चहा केला आणि पुस्तक स्वयंपाकघरातील टेबलावर उघडले. पुस्तकाचे नाव ‘पिवळी पट्टी’ असे होते. नावाने मी सावध व्हावयास हवे होते. पण एखाद्या ओळखीच्या घरात जावे तसा मी आत गेलो.

प्रथम कारखाना आला, आणि तो खरा होता. रूळ खरे होते, वाफ खरी होती, कामगारांच्या टोप्यांवर बसणारा पांढरा भुगादेखील खरा होता. मी मनातल्या मनात कार्ड लिहावयास घेतले: ‘अखेर कोणीतरी कारखाना खरा काढला.’ मग एक मनुष्य आला, ज्याला वाचता येत नाही व जो सर्व काही रंगांवरून ओळखतो. थर्मासच्या झाकणात तो माझ्यासारखाच आधी दूध ओतत होता. माझा हात पानावर थांबला.

रंगांविषयी येथे सांगतो, म्हणजे वाचकाचा घोटाळा होणार नाही. यंत्रात हात घालून काम करणाऱ्याने त्याच्या बटणावर लाल पट्टी टांगावयाची, आणि ज्याने टांगली त्यानेच ती काढावयाची, असा नियम होता. पिवळी पट्टी म्हणजे यंत्र नुसते बिघडलेले आहे. ती मुकादमाच्या सांगण्यावरून कोणीही काढावी. मजकूर पट्टीवर हाताने लिहिलेला असे, पण मला मजकुराची गरजच नव्हती. लाल म्हणजे थांब, पिवळी म्हणजे मुकादमाला विचार, आणि तो म्हणाला की चालू कर. त्या दिवशी मुकादम म्हणाला, “सकाळची पिवळी काढ आणि चालू कर.” मी गेलो. पिवळी पट्टी तेथे होती. सकाळच्या पट्टीहून हिच्यावर लिहिलेले अधिक होते. मी ती काढली व यंत्र चालू केले.

ती सकाळची पट्टी नव्हती. यंत्रात हात घालण्यापूर्वी कोठीतल्या लाल पट्ट्या संपलेल्या पाहून लाइलने सकाळची काढून दुसरी पिवळी टांगली होती व तिच्यावर स्वतःच्या हाताने लिहिले होते: ‘माणूस आत आहे.’

अपघातानंतर त्याच दिवशी झालेल्या चौकशीत मला विचारले गेले, “बटणावर लाल पट्टी होती का?” मी म्हणालो, “नव्हती.” ते अक्षरशः खरे होते. लाइल तेव्हा इस्पितळात होता, म्हणून पिवळीबद्दल मुकादमालाही कोणी विचारले नाही व त्यानेही तोंड उघडले नाही. ती माझ्या खिशात होती. दुसऱ्या दिवशी मी ती कागदाच्या लगद्याच्या हौदात टाकली. लाइलने पट्टी टांगलीच नाही, चूक त्याचीच, असा निकाल लागला.

हे सारे टॅमसिनच्या पुस्तकात होते. हौदही होता, पट्टी विरघळतानाची सहा चित्रे होती. आणि अखेरच्या पानावर, कसलेही चित्र नसलेल्या पांढऱ्या पानावर, एकच वाक्य होते: ‘माणूस आत आहे.’ ते छापील अक्षरांत नव्हते. ते माझे अक्षर होते. माझ्या हाताने, मागल्या खोलीत, दार लावून लिहिलेले.

चोर घरात शिरला असता तर मी ओरडलो असतो. येथे तर दार मीच उघडून दिले होते, आणि तिने वस्तू उचलली ती माझ्याकडे पाहून हसत.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. चहावर साय धरली होती. मग सवयीने, केवळ सवयीने, मी खूण करण्यासाठी पेन्सिल घेतली आणि सतरावे पान उघडले. तळाशी जागा जवळजवळ उरली नव्हती. मिसेस डिप्रोज यांचे वर्तुळ होते. टपाल कचेरीतल्या बाईचा बाण होता. बोल्सच्या मंडळातल्या तिघींच्या तीन खुणा होत्या. त्यांच्या खाली एक इवलेसे पान होते. आणि सर्वांच्या आधी, अगदी डाव्या कडेला, तीन टिंबे होती.

नोलीन चारच्या सुमारास आली. हातातली चेंडूंची पिशवी तिने दाराशीच ठेवली. टेबलावरचे पुस्तक तिने पाहिले व कोट न काढताच बसली.

“तू वाचलंस?” मी विचारले.

“तीन आठवडे झाले.”

“आणि मला बोलली नाहीस!”

“तू बत्तीस वर्षं बोलला नाहीस. मी तीन आठवडे. आता कुणी कुणावर रुसायचं ते तूच ठरव.”

“नोलीन, तिनं माझं अक्षर छापलंय गं. वचन दिलं होतं तिनं.”

“आणि मला तू काय दिलं होतंस?” तिचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच मला तो सोसवला नाही. “तुझे सगळे फॉर्म मी भरले. गाडीच्या परवान्याच्या कचेरीत तुझ्या चांगल्या हाताला बँडेज बांधून नेलं, की याला लिहिता येत नाही, हात दुखावलाय. माझ्या सख्ख्या बहिणीला कळू दिलं नाही. आणि ही गोष्ट तू सांगितलीस कुणाला? तर त्या कालच्या पोरीला. मीच भाजून दिलेले गोड स्कोन खात खात!”

“मला तुझ्यासमोर लाज वाटायची.”

“तिच्यासमोर नाही वाटली?”

मी पुस्तक मिटले. “लाइलनं वाचलंय,” मी म्हणालो.

“सगळ्यांत आधी त्यानंच वाचलं.”

“तरी तो दर गुरुवारी आला. तीनही गुरुवार. मागल्या खेपेला तर त्यानं दोनदा केक मागून घेतला.”

“मी कापून दिला,” नोलीन म्हणाली. “माझा हात कसा चालला ते मलाच माहीत.”

बुधवारी मी टॅमसिनला फोन केला. ती आता मेलबर्नला असते. तिचा क्रमांक माझ्या पहिल्या वहीच्या आतल्या बाजूस होता, शेजारी टेलिफोनचे चित्र.

“डेस! अहो, किती वर्षांनी! वाचलंत का?”

“वाचलं.”

“मग? कार्ड लिहिलंत? मी खरंच वाट बघत होते. बाकी कोण काय म्हणतं त्याच्याशी मला काही घेणंदेणं नाही.”

“टॅमसिन, तू म्हणाली होतीस कुणाला दाखवणार नाही.”

 ती म्हणाली, “मी नाव बदललंय, डेस. गावही बदललंय. पुस्तकातला माणूस इकडं व्हिक्टोरिया राज्यातला आहे.”

“बोटं तीच आहेत. अक्षर माझं आहे.”

“अक्षराचं... मी स्वतः लिहून बघितलं हो. डाव्या हातानं, डोळे मिटून, कितीतरी वेळा. सगळं नाटकी दिसायचं. तुमच्या अक्षराशिवाय ते पान उभंच राहीना.”

“मग पाडायचं होतंस.”

“तुम्हीच म्हणायचात ना, कारखान्याबद्दल लिहिणारे सगळे खोटं लिहितात? मी खरं लिहिलं. मला वाटलं, जगात कुणाला नाही तरी तुम्हाला ते आवडेल.”

“मला विचारलं का नाहीस?”

 “कारण तुम्ही नाही म्हणाला असतात,” ती म्हणाली.

ते खरे होते. मी फोन ठेवला. जिने मला वाचावयास शिकविले तिनेच मला वाचावयास दिलेले हे पुस्तक. माझ्या आयुष्यात आलेला सर्वांत मोठा विश्वासघात वाचण्याइतके शिक्षण मला तिच्याकडूनच मिळाले होते. त्या दिवशी मी जेवलो नाही. स्वतःविषयी मला फार वाईट वाटत होते, आणि ते वाटणे मी कुरवाळीत बसलो, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

गुरुवारी दुपारी लाइल नेहमीच्या वेळी आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेले फ्लॅटहेड मासे त्याने मोरीत ठेवले. “काटे काढलेत,” तो नोलीनला म्हणाला. “दोन बोटांनी काढलेत, तेव्हा एखादा राहिला असेल तर शिव्या देऊ नकोस.” नोलीन हसली नाही. ती मागल्या अंगणात निघून गेली.

पुस्तक टेबलावर होते. लाइल त्याच्यासमोरच बसला व टोपी काढून त्याच्याशेजारी ठेवली.

“झालं तर मग वाचून,” तो म्हणाला.

मी काय म्हणावयास हवे होते ते मला आज चांगले ठाऊक आहे. मी म्हणालो भलतेच. “तिनं मला दगा दिला रे, लाइल.”

लाइलने माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरे झाले असते.

“तुला दिला असेल,” तो म्हणाला. “मला नाही. मला तर तिनंच सांगितलं.”

मी त्याच्यापुढे चहा ठेवला.

“मी लाल पट्टी आणायला कोठीत गेलो,” तो बोलू लागला. “लाल नव्हती. पिवळी घेतली. माणूस आत आहे, असं लिहिलं, खाली माझं नाव लिहिलं. चौकशीत तीनदा सांगितलं. ते म्हणाले, मेडविन, मग कुठं आहे ती पिवळी? म्हटलं, टांगली होती. ते म्हणाले, तुला भूल दिली होती, तुला नीट आठवत नसेल. पहिली दोन वर्षं मी भांडलो. मग मलाच वाटायला लागलं, नसेल टांगली. अजून स्वप्नात कोठीत जातो, पट्टी घेतो, लिहितो आणि टांगायला विसरतो. पोरांना मी काय सांगत आलो माहितीय? बापासारखे वेंधळे होऊ नका.”

“लाइल, मी...”

“थांब. तू अजून ते पुस्तक वाचलं नाहीयेस हे मला ठाऊक होतं, कारण तुझं कार्ड नव्हतं. म्हणून येत राहिलो. म्हटलं, पुस्तकानं तोंड उघडायला लावायच्या आधी हा आपणहून सांगेल. पहिल्या गुरुवारी तू सफरचंदांबद्दल बोललास. दुसऱ्या गुरुवारी त्या दोन टनी रुळाबद्दल. लेखकानं खोटं लिहिलंय म्हणालास. तासभर, डेस. माझ्यासमोर बसून.” तो उठला. “मागल्या गुरुवारी सील. तेव्हा मला कळलं, तू सांगणार नाहीस. मी मेलो तरी नाही.”

त्याने टोपी घेतली. दारात तो वळला. “तुला वाचता येत नाही हे मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं, गाढवा,” तो म्हणाला. “तू हाक मारून विचारलं असतंस, यावर काय लिहिलंय, तर सांगायला मी आतच होतो.”

त्याचा चहा जसाच्या तसा राहिला. मासे नोलीनने तळले, पण आम्हां दोघांपैकी कोणीही ते खाल्ले नाहीत.

त्यानंतर चार दिवस मी कार्ड लिहीत होतो. पूर्वी मला एक कार्ड लिहावयास एक दुपार पुरे. या खेपेस पहिली तीन कार्डे मी शेगडीत घातली, कारण तिन्हींवर आरंभी टॅमसिनविषयीच लिहिले गेले होते. सोमवारी मी जे लिहिले ते असे:

‘पिवळी पट्टी. चित्रकादंबरी. कागद जाड आहे, पलीकडचे चित्र अलीकडे उमटत नाही. कारखाना खरा आहे. मात्र दोन चुका आहेत. पहिली: पट्टीची दोरी फुलासारख्या सुट्या गाठीने बांधलेली दाखविली आहे. ती तशी नव्हती. ती लाइल मेडविनने बांधली होती, व लाइल मासेमाराचा मुलगा आहे. त्याची गाठ ओढून सुटत नाही. ती सोडवावयास मला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात, पट्टीवर काय लिहिले आहे, असे मी कोणालाही विचारू शकलो असतो. मला लाज वाटली म्हणून मी विचारले नाही. ही गोष्ट मी लेखिकेलाही सांगितली नव्हती. दुसरी चूक: पुस्तकातील माणसाचे नाव. त्याचे खरे नाव डेस ब्रॅमिच. लाइलने पट्टी टांगली होती. मी ती काढली, लपविली आणि चौकशीत गप्प राहिलो. लेखिकेने वचन मोडले आहे. तिचे यापुढचे पुस्तक मी वाचणार नाही. हे मात्र गावाने वाचावे.’

सतराव्या पानावर तीन टिंबांखाली थोडी जागा होती. तेथे मी माझा रूळ काढला आणि पुस्तक व कार्ड घेऊन वाचनालयात गेलो.

ग्लेनिसने कार्ड वाचले, चष्मा पुसला व पुन्हा वाचले. “हे फळीवर ठेवू?” तिने विचारले. “सगळे वाचतील, डेस. सुटी पडली की पोरंसुद्धा येतात.”

“म्हणूनच ठेव.”

“पाटीखाली?”

“पाटीखालीच.”

मंगळवारी मी तिकडे फिरकलो नाही. बुधवारी गेलो. फळीवर पुस्तक होते, त्याच्यापुढे कार्ड नव्हते. मला वाटले ग्लेनिसला माझी दया आली, आणि मी रागानेच टेबलाशी गेलो.

“माझ्याकडे कशाला डोळे वटारतोस?” ती म्हणाली. “काल लाइल आला होता. उभ्याउभ्या वाचलं. मग खिशात घातलं. मी म्हटलं, लाइल, कार्डं घरी न्यायची नसतात. म्हणाला, मग अडव मला.”

“आणखी काही म्हणाला?”

“म्हणाला, गाठीचं बरोबर आहे.”

“आणि गुरुवारचं? उद्या येणार, न येणार, काही?”

“नाही बाबा. ते मी विचारलं नाही आणि तो बोलला नाही.”

मी फळीकडे पाहिले. कार्डाशिवाय ते पुस्तक तेथे टॅमसिनचे होते; व्हिक्टोरियातल्या एका नसलेल्या माणसाची गोष्ट. मी ग्लेनिसकडून सूचीच्या कपाटातले दुसरे कार्ड मागून घेतले. ते जुने होते, कारखान्यातल्या आमच्या त्या वर्षांतले, आणि पालथे करून मी त्याच्यावर बोट फिरविले. मग खिडकीजवळ बसून पहिल्या कार्डावरचे सगळे पुन्हा लिहून काढले. या खेपेस कागद जाड असल्याचे वाक्य मी गाळले आणि लाइलने पट्टी टांगली होती, हे वाक्य सर्वांत वर घेतले.